भूक वाचली, भाकरी वाचलीच नाही

दलित आत्मकथनांवरील मराठी समीक्षा एकत्र ठेवून वाचली तर एक शब्द पानोपानी भेटतो. तो म्हणजे 'भूक'. भुकेचे दाहक चित्रण, भुकेतून आलेला विद्रोह, भुकेने करपलेले बालपण अशी विधाने आम्ही विद्यार्थी असताना परीक्षेत लिहिली, आणि आज शिक्षक झाल्यावर तीच विधाने विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत तपासतो. भूक होतीच. ती नाकारण्याचा प्रश्नच नाही. परंतु 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकांत भुकेबरोबर भाकरीही आहे, कालवण आहे, आणि ते रांधणारे हात आहेत. समीक्षकाची नजर भुकेपाशीच का थांबली, हे आता विचारले पाहिजे.

माझ्या मते कारण सरळ आहे. भूक वाचली की पांढरपेशा वाचकाच्या मनात करुणा उत्पन्न होते, आणि करुणेला काही खर्च येत नाही. भाकरी वाचायची म्हटले की पीठ कोठून आले हे विचारावे लागते. ते पीठ पुष्कळदा त्याच्याच आजोबांच्या वाड्यातून, ओट्यावरून, वरून टाकून आलेले असते. तेथे करुणा अडखळते. आणि आमच्या समीक्षकांचे काय? त्यांनी त्या अन्नाकडे पाठ फिरवली ती लाजेने. ही लाज कोणी शिकवली, हा या लेखातला खरा मुद्दा आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'मधील एक प्रसंग घेऊ, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. सुगीच्या दिवसांत गुरे रानात कणसे खातात. न पचलेले दाणे शेणातून बाहेर पडतात. लेखकाची आजी संतामाय ते शेण गोळा करते, धुऊन दाणे वेगळे काढते, वाळवते, दळते, आणि त्याची भाकरी स्वतः खाते. मुलगा त्या भाकरीचा तुकडा तोंडात घालतो तेव्हा त्याला शेणाचा वास येतो. या प्रसंगावर बहुतेक वेळा 'अंगावर काटा आणणारे वास्तव' असे एक वाक्य लिहिले जाते आणि समीक्षक पुढे जातो. काटा आला, काम संपले.

पण जरा थांबून पाहिले तर त्या प्रसंगात एक म्हातारी बाई आहे, जिला काही गोष्टी पक्क्या ठाऊक आहेत. कोणत्या दिवसांतल्या शेणात दाणा सापडतो, तो किती पाण्यांनी धुवावा, किती ऊन द्यावे, हे तिला ठाऊक आहे. चांगल्या पिठाची भाकरी कोणाच्या वाट्याला जावी आणि ही भाकरी कोणी खावी, याचाही निर्णय तिने घेतलेला आहे. अत्यंत टोकाच्या अभावात घर चालवणारी ती बुद्धी आहे. आमच्या समीक्षेने तिला केवळ पीडित ठरवले. तिला रांधणारी बाई म्हणून कोणी वाचले नाही.

बेबीताई कांबळे यांनी ही उणीव त्यांच्या लेखनात आधीच भरून काढली होती, पण तेही आम्ही नीट वाचले नाही. १९८२ पासून 'स्त्री' मासिकातून आलेल्या त्यांच्या आत्मकथनात कोवळ्या वयाच्या सुनेला रात्री अर्ध्या झोपेतून उठवून जात्यावर बसवतात, मग काठवटीपुढे बसवतात, आणि भाकरी बिघडली की सासू आयाबायांना बोलावून ती भाकरी दाखवते. वस्तीतला पुरुष बाहेर गुलाम आणि घरात मालक, हे बेबीताईंनी भाकरीच्या निमित्ताने जितक्या उघडपणे सांगितले तितके पुढे फार थोड्यांनी सांगितले. 'दलित स्त्रीचे दुहेरी शोषण' हे आपण व्याख्यानात म्हणतो. बेबीताई ते चुलीपुढे दाखवतात.

ही भाकरी का बिघडते, हे ज्याने कधी पीठ मळले नाही त्याला कळणार नाही. गव्हाच्या कणकेला स्वतःचा चिकटपणा असतो, पोळी लाटता येते. ज्वारीच्या पिठाला तो नसतो. म्हणून कढत पाणी घालावे लागते, तळहाताच्या मुळाने पीठ रगडावे लागते, आणि एका भाकरीपुरताच गोळा घेऊन ती लगेच थापावी लागते. पीठ जुने झाले की त्याची 'विरी' जाते. मग भाकरी कडेला चिरते, तव्यावर टाकताना मोडते. वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, तो सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची. मग ती फुगते आणि पोपडा सुटतो. हे सगळे नऊ-दहा वर्षांच्या पोरीकडून, मागून आणलेल्या, चार घरच्या, चार प्रतीच्या ज्वारीच्या पिठावर करून घ्यायचे. त्या पिठाला विरी असणार कोठून? सासू मारते ते सुनेच्या हाताला, पण दोष पिठाचा असतो आणि पीठ गावाचे असते. ही साखळी ज्या समीक्षेला दिसत नाही ती समीक्षा अपुरी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता दुसऱ्या बाजूचे पुस्तक घेऊ. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. लग्न झालेल्या मुलीला ते भेट देण्याची पद्धत पडली. 'रुचिरा'वर रागावण्याचे मला काही कारण दिसत नाही. ते नेटके पुस्तक आहे, आणि वाटी व चमचा ही घरगुती मापे वापरून कमलाबाईंनी नवख्या गृहिणीची मोठी सोय केली. माझा मुद्दा त्या वाटीबद्दलच आहे. 'दोन वाट्या पीठ घ्यावे' या वाक्यात पीठ घरात आहे हे गृहीत आहे. डब्यात हात घातला की पीठ लागते, अशा घराचे हे व्याकरण आहे. पाककृती तेथून सुरू होते.

माझ्या आजीची पाककृती त्याच्या बरीच अलीकडे सुरू होई. तिचे माप 'घर' हे होते. येसकरपाळी ज्याची असे त्याच्या घरातून संध्याकाळी टोपले घेऊन माणूस निघे. आज किती घरे झाली यावर किती माणसे जेवणार हे ठरे. टोपल्यात ज्वारीची भाकरी, बाजरीचा तुकडा, कोणाकडची तूर-ज्वारीची मिसळ, कोणाकडची कालची. उरलेले तुकडे वाळवून ठेवायचे. ते कुटके पावसाळ्यात तिखट-मीठ घालून शिजवायचे. १९७२ च्या दुष्काळाबद्दल ती सांगे की कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातली लाल मिलो मिळायची. आणि वर म्हणायची, "तवा पहिल्यांदा पाटलाच्या घरची बी अन् आपल्या घरची बी भाकर एकाच रंगाची झाल्ती बग." हे वाक्य ती हसत सांगे. मला त्यात मराठवाड्याच्या समाजशास्त्राचा एक धडा दिसतो.

मी नांदेडला मराठी शिकवतो. माझे गाव लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या बाजूला. लातूर हा जिल्हा म्हणून १९८२ साली उस्मानाबादपासून वेगळा झाला. त्याआधी १९४८ पर्यंत हा सगळाच मुलूख निजामाच्या राज्यात. त्यामुळे येथे एकाच भाकरीला तीन भाषांत हाक मारतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू घरांत ती 'जोन्न रोट्टे', उदगीर-निलंग्याच्या पलीकडे कानडीत 'जोळद रोट्टी', आणि आमच्याकडे भाकर. थापण्याची रीत थोड्याफार फरकाने तीच, पिठाचा वासही तोच. मुसलमान शेतमजुराच्या घरीही आठवड्याचे सहा दिवस ज्वारीच असे. भाषा बदलली, धर्म बदलला तरी काठवट बदलत नाही. एक गोष्ट मात्र तिन्ही भाषांत सारखी राहिली: भाकरी हातात द्यायची की वरून टाकायची, हे घेणाऱ्याच्या जातीवरून ठरे. जात पिठात नसते. ती देण्या-घेण्याच्या जागी असते.

याच नांदेडात एक वेगळी भाकरी आहे, आणि तिच्याविषयी आमच्या साहित्याने जवळजवळ काहीच लिहिलेले नाही. गुरू गोविंदसिंगांचा देहान्त १७०८ साली येथे झाला. सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. तेथल्या लंगरमध्ये गव्हाची रोटी मिळते. तिला 'परशादा' म्हणतात. जमिनीवर एका रांगेत बसायचे. वाढणारा आला की दोन्ही हात जोडून, तळवे वर करून रोटी घ्यायची. कामासाठी नांदेडला आलेला आमच्या भागातला मजूर तेथे जेवून जातो. कोणी जात विचारत नाही, ताट वेगळे काढत नाही.

माझ्या वडिलांनी तेथे पहिल्यांदा जेवल्यावर एक विचित्र गोष्ट सांगितली होती. ते म्हणाले, हात पसरायला जरा जड गेले. वरून पाहिले तर ओंजळ तीच होती, जी त्यांच्या वडिलांनी गावात आयुष्यभर पसरली. पण येथे शेजारी बसलेल्या सरदारजीनेही तशीच ओंजळ पसरली होती, आणि पलीकडे बसलेल्या व्यापाऱ्यानेही. एकाच मुद्रेचे दोन अर्थ! सगळे पसरतात तेव्हा ती रीत असते. एकानेच पसरायची असते तेव्हा ती गुलामी असते. शीख समाजात जात उरली नाही असे माझे म्हणणे नाही. पंजाबातल्या मजहबी शिखांना विचारले तर ते वेगळे सांगतील. मी फक्त रोटी घेण्याच्या त्या क्षणापुरते बोलतो आहे. मराठी कवितेत 'भाकरीचा चंद्र' पुष्कळ झाला. ही ओंजळ राहिली.

आता मुख्य पुस्तकाकडे येतो. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली प्रसिद्ध झाले. लेखक तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आमच्या शेजारचे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग या दोन समाजांच्या घरांतले खाणे हा पुस्तकाचा विषय आहे. नावातच भांडण आहे. जेवायला बसताना जो श्लोक महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून म्हणवून घेतात, त्यातले 'पूर्णब्रह्म' पाटोळ्यांनी एका अक्षराने अपूर्ण करून टाकले. कोणाचे पूर्ण? ज्यांच्या ताटात सगळे होते त्यांचे. सात्त्विक, राजस, तामस ही आहाराची जी वर्गवारी गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे, तिचा त्यांनी घेतलेला समाचार प्रत्येक शिक्षकाने वाचावा. शिळे आणि उष्टे अन्न तामसी लोकांना आवडते, असे सांगणारा ग्रंथ एका बाजूला. त्याच माणसांना शिळे आणि उष्टे हाच वतनी मोबदला म्हणून देणारी गावगाड्याची व्यवस्था दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय यातली लबाडी दिसत नाही.

पुस्तकाचे मोठे बळ असे की त्यात पाककृती आणि समाजचिकित्सा वेगळ्या काढता येत नाहीत. चान्या कशा करतात हे सांगायचे तर मांसाच्या लांब पट्ट्या का कापाव्या लागल्या हे सांगावे लागते: एका दिवशी अचानक खूप मांस येई आणि नंतर महिनोन्महिने काही येत नसे. म्हणून पट्ट्या दोरीवर टाकून उन्हात वाळवायच्या, मडक्यात भरून ठेवायच्या, आषाढ-श्रावणात घरात काही नसताना निखाऱ्यावर भाजायच्या किंवा कालवणात टाकायच्या. तेल विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून चरबी वितळवून ठेवायची. रक्त वाया घालवायचे नाही, त्याची रक्ती. हे सगळे अन्न टिकवण्याचे शास्त्रच आहे. लोणच्या-पापडाला 'साठवणीचे पदार्थ' म्हणून मान मिळाला. चान्यांना शिवी मिळाली.

महार आणि मांग यांची घरे एकाच पुस्तकात, एकाच चुलीच्या जवळ आणणे हेही धाडसाचे आहे. चळवळीत या दोन समाजांतले अंतर वाढवण्याचे राजकारण किती जणांनी केले हे येथे सांगण्याची गरज नाही. ताटात मात्र दोघे शेजारी होते.

माझे आक्षेप दोन आहेत. पहिला असा की हे पुस्तक पुरुषाच्या आठवणीतून आलेले आहे. खाणारा मुलगा त्यात पूर्ण दिसतो, रांधणारी बाई मला आणखी हवी होती. तिला चव आवडत होती का, ती काय खाऊन उठायची, हे प्रश्न बेबीताईंनी विचारले तसे येथे जोराने यायला हवे होते. दुसरा आक्षेप मूळ पुस्तकावर नाही. भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ साली 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने आला. पुस्तक जगात गेले, त्याचा आनंद आहे. परंतु मराठी नाव ब्रह्माशी भांडते आणि इंग्रजी नाव प्रदेश व समाज सांगून थांबते. पहिले नाव वाचून सवर्ण वाचकाला आपले काहीतरी काढले जाते आहे असे वाटते. दुसरे वाचून त्याला एका दूरच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचे आमंत्रण मिळते. प्रकाशनाच्या बाजारात नाव असे बदलते, आणि नावाबरोबर वाचनही बदलते.

आता आपल्याच लोकांच्या आक्षेपाकडे. एका कार्यकर्त्याने मला सरळ विचारले: "सर, बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं ते तुम्ही वर्गात शिकवायलाव का?" प्रश्न हलका नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. गावोगावच्या महारवाड्यांनी ते पाळले, आणि त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. ते सोडणे ही आमच्या इतिहासातली अत्यंत अभिमानाची गोष्ट आहे. तिच्यावर आज कोणी 'पारंपरिक चव' म्हणून साखर पेरत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे.

पण त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' लिहिताना या अन्नाकडे पाठ फिरवली नाही. अस्पृश्यतेचे मूळ शोधताना त्यांनी गोमांसाच्या प्रश्नावर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली. कोणी खाल्ले, कोणी सोडले, कोणी सोडल्याचे भांडवल केले, याचा तपास केला. आचरणात सोडायचे आणि अभ्यासात धरायचे, ही दोन्ही कामे त्यांनी केली. आपण पहिले केले आणि दुसरे टाळले. टाळल्यामुळे काय झाले? आमच्या घरांतली शिकलेली पिढी आजीच्या हातच्या अन्नाचे नाव पाहुण्यांसमोर घेत नाही. आणि तिकडे २०१५ साली महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली तेव्हा गरिबाच्या ताटातून काय गेले हे सांगणारे आमचे आवाज थोडे होते. ज्या अन्नाबद्दल बोलायचीच लाज वाटते, ते हिरावले गेले तर भांडणार कोण?

येथे लातूरकडच्या वेळ अमावस्येविषयी लिहिलेच पाहिजे. मार्गशीर्ष अमावस्येला सगळा जिल्हा रानात जातो, लातूर शहराचे रस्ते ओस पडतात. कडब्याची कोप, आंबील, सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी, उंडे. दरवर्षी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत लेख येतात आणि प्रत्येक लेखात हे वाक्य असते की त्या दिवशी कोणी उपाशी राहत नाही, वाटसरूलाही बोलावून जेवू घालतात. ते खरे आहे. भज्जी चवीला उत्तम असते, हेही खरे. पण ज्याला रान आहे तो बोलावतो आणि ज्याला नाही त्याला बोलावले जाते, हे त्या लेखांत कधी येत नाही. माझे वडील सालगडी होते. कोप तेच बांधत. आम्ही जेवायचो ते धुऱ्यावर. या सणावर ललित लेख शेकड्याने निघाले असतील. धुऱ्यावरून लिहिलेला एकही माझ्या वाचनात नाही.

आणि भाकरीचे दिवसही फिरले. लातूरच्या शिवारात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली आमच्या घरांना मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळतो, २०२३ पासून फुकट. म्हणून मजुराच्या घरी आता पोळी होते. त्याच २०२३ ला जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, आणि डॉक्टरांनी श्रीमंतांना ज्वारी सांगितली. महामार्गावर 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या लागल्या आहेत. पाटीमागे चुलीच्या धुरात बसून भाकरी थापणारी बाई कोणत्या वस्तीतून येते, हे गाडी थांबवून विचारावे.

पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली 'इजन्ट धिस प्लेट इंडियन?' हे पुस्तक काढले. विद्यार्थ्यांनी दलित घरांतल्या खाण्याच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. तोच धागा धरून मी यंदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला काम दिले: घरातला एक रोजचा पदार्थ लिहा, पण पहिल्या ओळीत पीठ कोठून आले ते लिहा, आणि शेवटच्या ओळीत सगळ्यात शेवटी कोण जेवले ते लिहा. सदतीस कागद आले. 'रेशनचा गहू' चौदा कागदांवर होता. 'आई' हा शब्द शेवटच्या ओळीत जवळजवळ सगळ्या कागदांवर होता, जात कोणतीही असो. एका शेतकरी घरातल्या मुलीने वेळ अमावस्येची आंबील लिहिली होती. कृती सुरेख होती. खाली तिने लिहिले होते की गड्याच्या घरचे लोक आंबील न्यायला येताना आपले भांडे घेऊन येतात. मग ते वाक्य खोडले होते, आणि खोडलेल्याच्या खाली पुन्हा तेच लिहिले होते. पुढच्या वर्षीच्या कागदावर मी तिसरा प्रश्न वाढवला आहे: भांडे कोणाचे?